अप्पांचा पाय घेऊन हैदराबादला

हैदराबादहून परत आल्यावर वालुरात ज्यानं त्यानं एकच विचारलं, चारमिनार बघितला का? नाही बघितला. मोती आणले का? मोती कुठले, औषधांची पिशवी आणली. बिर्याणीचा तर सवालच नव्हता, आमच्या लिंगायताच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही. मग बाई, एवढ्या लांब जाऊन बघितलं तरी काय? तर मी नवऱ्याच्या मांडीतली एक नस बघितली. टीव्हीसारख्या पडद्यावर ती काळीभोर दिसत होती आणि मधेच गायब होत होती. ज्यांना हा प्रवास कधीच करायचा नाही त्यांनी मजेखातर वाचावं. ज्यांना करावा लागणार आहे पण अजून पत्ता नाही, त्यांच्यासाठी मात्र मुद्दाम लिहिते आहे. असे लोक आमच्या गावात ओट्याओट्यावर बसलेले आहेत आणि दुसऱ्याच्या आजारावर औषधं सांगत आहेत.

आमचे हे म्हणजे मन्मथअप्पा. वालुरात भुसार मालाचं दुकान आहे, गाव त्यांना अप्पाच म्हणतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. आयुष्यभर पोरांवर ओरडले, त्यामुळं माझ्या बोलण्याला धार आहे असं म्हणतात. म्हणोत बापडे.

येलदरी

दिवाळी झाली आणि अप्पांची उजवी पोटरी दुखायला लागली. पाऊल गार पडायचं, हात लावला तर माठाला लावल्यासारखं. गावानं निदान करून टाकलं, वात. आमच्याकडं पोटात दुखलं तरी वात, पाठीत भरलं तरी वात आणि माणूस गप्प बसला तरी वातच. एकानं एरंडाचं पान सांगितलं, एकानं लसूण. पण या सगळ्यांच्या वर आमच्या नणंदबाई, आक्का. अप्पांची थोरली बहीण. त्या येलदरीला राहतात, मालक धरणाच्या वीजघरात नोकरीला होते तेव्हापासून. फोनवर हुकूम सुटला, "त्याला हिकडं आन. धरणाची हवा लागली की वात ऱ्हात न्हाई."

धरणाच्या हवेनं वात जात असता तर येलदरीत एकसुद्धा लंगडं म्हातारं दिसायला नको होतं. मला तर जीपमधून उतरल्याबरोबर फाट्यावरच चार लंगडी म्हातारी दिसली. पण बोलायची सोय नव्हती, गेलो.

गाव मात्र छान आहे, खोटं कशाला सांगू. पूर्णेचं पाणी लांबवर पसरलेलं, काठाला भोयांची जाळी वाळत घातलेली, वाऱ्याला मासळीचा वास. अप्पा नाकाला रुमाल लावून पाणी बघत बसायचे. आक्कांचं पातळ पिठलं आणि चुलीवरची ज्वारीची भाकर यांना तोड नाही. बाईच्या हाताला चव आहे, डोक्याबद्दल मी नंतर सांगते.

तर संध्याकाळी आक्कांनी चुलीत वीट तापवली. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि अप्पांच्या घोट्याला लावून वर हातानं दाबून धरली.

"कसं वाटायलंय रे अप्पा?"

"काय कळंनाच बघ आक्का. लय गार पडलाय. आनखी जरा दाब."

हे ऐकून कुणाच्याही अंगावर काटा यायला हवा. साखरेची बिमारी असलेला माणूस, गरम वीट पायाला आणि म्हणतो कळंना. मी म्हटलं, "आक्का, पुरे. भाजंल." त्यावर उत्तर आलं, "तू मास्तरीण हाईस, डाक्तरीण न्हाईस. गुमान बस."

सकाळी घोट्यावर लिंबाएवढा फोड. मला वाटलं आता तरी या बाईला कळंल. तर आक्कांचं तोंड उजळलं. शेजारच्या चार बायांना हाक मारून फोड दाखवला. "बगा, वात भायेर पडायलाय! एवढे दिस आत होता!" बायांनीही माना डोलावल्या. वात बाहेर पडतोय म्हटल्यावर त्याला अर्ध्यात कसं सोडायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा वीट. तिसऱ्या दिवशीही. आमचे अप्पा, म्हणजे तिचा भाऊ, लहान लेकरासारखा पाय पुढं करून बसलेला. बहीण एवढं मायेनं करायलीय म्हटल्यावर नको कसं म्हणायचं! मायेनं माणूस भाजून निघाला तरी आमच्याकडं चालतं, नको म्हटलेलं चालत नाही.

वालूरला परत येईपर्यंत फोड फुटून जखम झाली होती. हळद झाली, मलम झालं. जखमेच्या कडा काळ्या पडत गेल्या आणि ती भरायचं नाव घेईना.

परभणी

परभणीच्या डॉक्टरांनी जखम नंतर बघितली. आधी पावलावर दोन बोटं ठेवून बराच वेळ काहीतरी चाचपत बसले. आक्का सोबत होत्याच, वात बाहेर काढल्याचं श्रेय घ्यायला आल्या होत्या. माझ्या कानात म्हणाल्या, "नाडी हाताची बगतेत गं. ह्यो पायाची कामून बगायलाय? शिकाऊ हाय का काय?"

डॉक्टर म्हणाले, "इथं नाडी लागत नाही. अप्पा, किती चाललं की पोटरी भरून येते?"

"येतच न्हाई सायेब. मी सलग चालतो कुठं? मानसं भेटतेत, थांबावं लागतंय."

"आणि माणसं भेटली नाहीत तर?"

 माझ्या डोक्यात त्या वेळी लख्ख उजेड पडला. आमचे अप्पा म्हणजे गावातला सगळ्यात मनमिळाऊ माणूस! दुकानातून महादेवाच्या देवळाकडं निघाले की दर दोन घरांपुढं थांबणार. काय बाबूराव, म्हैस व्याली का? काय काकू, लेकीचं पत्र आलं का? लेक शेजारच्याच गल्लीत दिलेली, ती पत्र कशाला धाडंल! पण विचारणार. पोटरी सैल झाली की पुढं निघणार. या गुणावर भाळून लोकांनी त्यांना सरपंचकीला उभं राहा म्हणून गळ घातली होती. मीसुद्धा माहेरी सांगत फिरत होते की आमच्या ह्यांना माणसांची भारी ओढ. ओढ कसली बोडक्याची, नस तुंबलेली होती!

डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. साखरेनं आणि बिडीनं मांडीतली मोठी रक्तवाहिनी आतून बुजली आहे. पायाला रक्त पोचत नाही, म्हणून चाललं की पोटरी ओरडते आणि म्हणूनच जखम भरत नाही. वाट मोकळी झाली तर पाय राहील, नाहीतर गुडघ्यापर्यंत काढावा लागेल. हैदराबादला जा, थांबू नका. मग त्यांनी विचारलं, "ही भाजल्याची खूण कशाची?"

आक्का छतावरचा पंखा बघायला लागल्या. मी सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "रक्त नसलेल्या पायाला शेक म्हणजे पाणी नसलेल्या रोपाला ऊन."

बाहेर जिन्यात अप्पांनी भर माणसांत माझं मनगट धरलं. दुकानाचा ओटा आमच्याकडं छातीएवढा उंच आहे. म्हणाले, "पाय गेला तर मी ओट्यावर चढू कसा? मला कोन उचलून ठिवंल, पोत्यासारखं?" माझा जीव गलबलला. मी म्हटलं, "जाणार न्हाई. मी जाऊ देते का?" आणि डोळे पुसून बघते तर या माणसानं दुसऱ्या हातानं खिशातून बिडी काढून शिलगावलेली! जिथं डॉक्टरनं नस बिडीनं बुजली म्हणून सांगितलं, त्याच दवाखान्याच्या पायरीवर.

आमच्याकडं रोगी मोठ्या दवाखान्यात निघाला की भावकी सोबत निघते. रोग्याला बसायला जागा नसली तरी चालते, पण चुलत्याचा साडू यायलाच पाहिजे, नाहीतर तो आयुष्यभर रुसतो. आमच्यासोबत यायला एक जीपभर माणसं तयार झाली. कुणाला कामधंदा नव्हता हे वेगळं सांगायला नको. मी सगळ्यांना हाकललं. आक्का तेवढ्या जीपमधून उतरल्या नाहीत, पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिल्या.

हैदराबाद

रेल्वेतल्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. हैदराबादेत उतरल्यावर मात्र अप्पा एकदम खुलले, कारण रिक्षावाल्यापासून दवाखान्याच्या चपराश्यापर्यंत सगळे आमच्या वालूरच्या जीपवाल्या गफूरभाईसारखंच बोलत होते. "कैकू परेशान होते अप्पा, हो जाता!" निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, पण भाषेनं काही जिल्हा बदललेला नाही. फरक एवढाच की आमच्याकडं आधी चहा, मग काम. तिथं आधी कागद, मग पैसे, मग पुन्हा कागद आणि चहा आपला आपण शोधायचा.

खाण्याचे हाल मात्र विचारू नका. उपाहारगृहात सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, फक्त त्याचं नाव बदलायचं. आक्का ताटाकडं बघून म्हणायच्या, "आजाऱ्याचं खानं चांगल्या मानसाला कामून देतेत?" दुसऱ्या दिवशी त्यांनी भाताला हातच लावला नाही.

तिथं बाकावर एक बाई भेटल्या, शोभाताई, आमच्याच जिल्ह्यातल्या चुडाव्याच्या. त्यांचे मालक रेल्वेत कारकून होते, निवृत्त झालेले. त्यांचाही पायच. शोभाताईंनी फडकं सोडून ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि आमच्यापुढं केली. आक्कांचे डोळे चमकले. पण सवय जाते कुठं! हात पुढं करता करता विचारलंच, "तुमी कोनाच्या बाई?"

"आमी बौद्ध."

आक्कांचा हात मधेच थांबला. शोभाताईंनी ते बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "घ्यायची तर घ्या. न्हाई घेतली तर मी खाते, मला भूक हाय." मला असं वाटलं की जमीन फाटावी आणि आक्कांना पोटात घ्यावं. मी अर्धी भाकर मोडून तोंडात टाकली. आक्कांनी इकडं तिकडं बघितलं, वालूरचं किंवा येलदरीचं कुणी नाही याची खात्री केली आणि मग अशी खाल्ली की चटणीचं बोट चाटून पुसून ठेवलं. सोवळं गावातल्या लोकांसाठी असतं, भुकेसाठी नसतं.

शोभाताईंच्या मालकांच्या पायाला मुंग्या येत होत्या. गावातल्या शहाण्यांनी तेल चोळायला सांगितलं, यांनी चोळलं. आल्या तोवर बोटं काळी पडली होती. "डाक्टर मनले, आता नस उगडून उपेग न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमची उगडायलेत ना? मंग रडू नका."

डॉक्टर तिथले, तेलुगू, पण समजावायची हौस असलेले. त्यांनी आम्हाला पडद्यावर नस दाखवली. आतला थर चुनखडीसारखा कडक झालाय. नुसता फुगा घालून फुगवला तर तो थर दबतो, पण पुन्हा उसळतो आणि औषधही आत मुरत नाही. म्हणून आधी बारीक फिरत्या पात्यानं थर तासून काढायचा आणि मग औषध लावलेला फुगा तिथं थोडा वेळ फुगवून धरायचा. औषध नसेच्या भिंतीत मुरतं, जागा पुन्हा लवकर भरत नाही. फुगा बाहेर काढून घ्यायचा, आत काही ठेवायचं नाही, कारण तिथं पाय वाकतो आणि जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली तर ती मोडू शकते. मला चटकन समजलं. जुन्या चुन्याचे पोपडे खरवडल्याशिवाय भिंतीला रंग धरत नाही, हे दर दिवाळीला मी गड्याला ओरडून सांगत असते.

"पुन्हा बुजणार न्हाई ना?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, हमी देणारा डॉक्टर खोटा असतो. आम्ही वाट उघडून देऊ. पण अप्पांनी बिडी ओढली तर ते स्वतःच्या हातानं ती परत लिंपून घेतील आणि दुसऱ्यांदा एवढं सोपं नसेल. अप्पांनी कानाला हात लावून शपथ घेतली. चेहरा असा केला की डॉक्टरसुद्धा फसले.

दुसऱ्या दिवशी आत नेताना सिस्टर गळ्यातलं लिंग काढा म्हणाली, तर आक्का दरवाज्यात आडव्या झाल्या. शेवटी ते फडक्यात बांधून दंडाला बांधलं आणि तसंच नेलं. मग शोभाताईंना धरून आम्ही तिघी बाकावर बसलो. आक्का जप करत होत्या. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. डोळ्यांपुढं फक्त दुकानाचा ओटा आणि खाली उभे असलेले अप्पा.

अप्पा बाहेर आले, शुद्धीवर, हसरे. भूल जागेपुरतीच होती. आक्कांनी आधी चादर वर केली. आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खोल्यांतले रोगी सलाईनसकट बाहेर आले.

"आगं माय माय माय! उजवा दुखायलाय अन् डाव्याला केलं की गं! डाव्या जांघंला पट्टी हाय! मुडद्यांनो, वाटोळं केलं की रे माज्या भावाचं!"

खरंच पट्टी डावीकडं होती.  सिस्टर "अम्मा, अम्मा" करत होती आणि आक्का तिला वालुरी शिव्या देत होत्या, ज्या तिला कळल्या नाहीत हे बरं झालं. डॉक्टर धावत आले. कागदावर रेघा मारून दाखवलं की पोटात एकच मोठी नस येते आणि पँटच्या दोन पायांसारखी दोन्हीकडं फुटते. डाव्या जांघेतून वर चढायचं, वळसा घ्यायचा आणि उजव्या मांडीत उतरायचं, सगळ्यांचं असंच करतात.

"सरळ वाट सोडून एवढा वळसा? वालुरातून परभनीला जायला कुनी जिंतुरावरून जातंय का?" आक्का काही ऐकेनात.

डॉक्टरांनी मग बोलणं सोडलं. आक्कांचा हात धरला आणि अप्पांच्या उजव्या पावलावर ठेवला. आक्का थांबल्या. दुसरा हातही ठेवला. तळवा चाचपला, बोटं चाचपली.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून हळूच, "शेक न देताच?"

 आक्का त्या पावलावर डोकं टेकून रडायला लागल्या आणि खरं सांगते, मीही रडले. डॉक्टरांनी जाळीच्या कापडावर तासलेला थर दाखवला, पिवळट पांढऱ्या कण्या, चिमूटभर. अप्पांनी भुसारवाल्याच्या नजरेनं बघितलं आणि म्हणाले, "हे तर चाळनीखालचं मातेरं. एवढ्यानं पाय अडला व्हता?" आणि वर मागितलं, गावात दाखवायला बाटलीत भरून द्या म्हणून! आमच्याकडं मुतखडासुद्धा देवघराशेजारी ठेवून पाहुण्यांना दाखवतात. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तपासायला पाठवायचंय म्हणाले. अप्पा जरा नाराज झाले.

शोभाताईंच्या मालकांचा पाय त्याच संध्याकाळी गुडघ्याखाली काढला. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. एरवी माझ्याजवळ शब्दांना तोटा नाही, पण त्या वेळी फक्त त्यांची पाण्याची बाटली भरून आणली. त्या म्हणाल्या, "तुमचा ऱ्हायला ना, बेस झालं. जपा त्याला."

सेलू

घोट्याच्या जखमेला आता लाली आली होती. भरायला वेळ लागेल, पण भरेल, असं डॉक्टर म्हणाले होते आणि रोज चालायला सांगितलं होतं. वालूरला जवळचं स्टेशन सेलू, तिथं बाहेर गफूरभाईची जीप उभी होती. आक्का आत बसल्या. मी सामान मोजून ठेवत होते, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "आलोच," आणि निघाले.

मी मान वर करून बघितलं आणि बघतच राहिले. अप्पा चालत होते. स्टेशनासमोरचं अख्खं पटांगण, रिक्षांची रांग, केळीवाल्यांच्या गाड्या, सगळं मागं टाकत. एक ओळखीचा व्यापारी "राम राम अप्पा" म्हणाला, तर चालता चालताच हात वर केला. पोटरी धरली नाही. कुठं टेकले नाहीत. माझा ऊर असा भरून आला! आक्कांना हलवून म्हटलं, "आक्का, बघा, बघा तुमचा भाऊ!" गफूरभाईसुद्धा म्हणाला, "माशाल्ला भाभी, घोडा चला!"

अप्पा पटांगणाच्या पार टोकाला जाऊन थांबले. पानटपरीपुढं. टपरीवाल्यानं काही न विचारता बिड्यांचं बंडल पुढं सरकवलं.

मी सामान तिथंच टाकून धावत गेले. तोवर एक पेटली होती. मला बघून हा माणूस लाजला नाही, दचकला नाही. तोंडभर हसून म्हणाला, "अगं, पाय काय हलका झालाय बघ! इथवर कवा आलो, कळलंसुदीक न्हाई!"

मी त्यांच्या ओठातली बिडी काढली आणि पायाखाली चिरडली. बंडल गटारात फेकलं. टपरीवाला बघत होता, येणारेजाणारे थांबले होते. मी म्हटलं, "चालता येतंय ना आता? मंग या चालत." आणि मागं वळून न बघता जीपमध्ये येऊन बसले. गफूरभाई म्हणाला, "अप्पा?" मी म्हटलं, "चला तुमी."

"अगं, त्याचा पाय!" आक्का ओरडल्या.

"पायच बघायचाय मला," मी म्हटलं.

गफूरभाईनं जीप हळूहळू वालूरच्या रस्त्याला घेतली. मी मागच्या काचेतून बघितलं. अप्पा पळत नव्हते, पण भरभर येत होते, हात हलवत, मला नावं ठेवत, धुळीतून, न लंगडता. माझे डोळे घळघळा वाहत होते आणि संताप तसूभर कमी होत नव्हता.